नोटीस, अटक आणि एफआयआर : प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवेत असे हक्क

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत '१५-अ' हे नवे कलम मांडले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द राहिल्यामुळे नागरिकाला पुरेसे संरक्षण मिळत नाही, अशी टीका तेव्हा होत होती. ती उणीव भरून काढण्यासाठी आलेले हे कलम म्हणजे आजचे कलम २२. अटकेचे कारण समजणे, पसंतीचा वकील करता येणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे, हे हक्क त्यातून मिळतात.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, हक्क बहुतांशी तेच राहिले. पुढील सर्व क्रमांक नव्या संहितेचे असून कंसात जुने क्रमांक दिले आहेत.

नोटीस आली तर

आधी नोटीस कोणत्या कलमाखालची आहे ते पाहा.

- कलम १६८ (जुने १४९) : जयंती, मोर्चा किंवा बंदच्या आधी कार्यकर्त्यांना मिळते ती हीच. ही प्रतिबंधात्मक समज आहे. ती घेतल्याने कोणी आरोपी होत नाही. प्रत ठेवून घ्या.
- कलम ३५(३) (जुने ४१-अ) : ज्या गुन्ह्यांत अटक आवश्यक नाही, त्यात चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात (२०१४) बजावले आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची असेल, तर पोलिसांना त्याची कारणे नोंदवावी लागतात. म्हणून ही नोटीस टाळू नका; तारीख अडचणीची असेल तर लेखी मुदत मागा. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे ग्राह्य नाही, हेही न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले.
- कलम १७९ (जुने १६०) : साक्षीदार म्हणून बोलावणे. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.
- कलम १२६ (जुने १०७) : ज्याला आपण 'चॅप्टर केस' म्हणतो ती. इथे कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचे हमीपत्र मागतात. न वाचता हमीपत्रावर सही करू नका. उत्तर द्यायला वेळ आणि वकील मागा.

अटक झाली तर

१. अटकेची कारणे तुम्हाला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी मिळाली पाहिजेत. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (नोव्हेंबर २०२५) सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. लगेच लेखी देणे शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावी लागतात.

२. अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे. त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेची माहिती नातेवाईक किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम ३६ व ४८).

३. वैद्यकीय तपासणी होते आणि अहवालाची प्रत मिळते (कलम ५३). मारहाण झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि दंडाधिकाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा.

४. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी.

५. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता बंधनकारक आहे (कलम १०५). मोबाइल घेतला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहा.

काय बोलावे, कशावर सही करावी

नाव-पत्ता खरा सांगा. स्वतःला गुन्ह्यात अडकवणारे उत्तर देण्याची सक्ती मात्र कोणी करू शकत नाही. कलम २०(३) तसे सांगते. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका. अरेरावी किंवा झटापट टाळा, कारण त्यातून सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा उभा राहतो.

आपली तक्रार घेत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे (ललिता कुमारी, २०१३). हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. 'झिरो एफआयआर' कोणत्याही ठाण्यात होते. प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत एक उत्तर अनेकांना ऐकावे लागते : "तुम्ही बौद्ध, मग ॲट्रॉसिटी कशी?" हे चुकीचे आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रीय पातळीवर मान्य आहे. तक्रारीत आपली अनुसूचित जात आणि आरोपीची जात स्पष्ट लिहा, दाखला जोडा. कलम १८-अ नुसार एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कलम ४ नुसार तक्रार नोंदवण्यात हेतुपुरस्सर कुचराई करणारा लोकसेवकही दोषी ठरू शकतो. मात्र तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा. तक्रार दिल्यावर उलट गुन्हा दाखल होण्याची शक्यता धरूनच चाला आणि अटकपूर्व जामिनासाठी (कलम ४८२) वकिलाशी लगेच बोला.

वकिलाला पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील कोणीही उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलास पात्र आहे. हेल्पलाइन १५१००. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते.

आरोपपत्र ६० दिवसांत (दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या वा फाशीच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत) दाखल झाले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आरोपपत्र आधी आले तर ही संधी जाते, म्हणून दिवस मोजणारा माणूस बाहेर हवा.

प्रत्येक विहाराने, प्रत्येक वस्तीतील मंडळाने दोन वकिलांचे क्रमांक, १५१०० आणि ११२ भिंतीवर लावावेत. रात्री अकराला कोणाच्या पोराला उचलले, तर कोण ठाण्यात जाणार, कोण वकिलाला फोन करणार, हे आजच ठरलेले असावे.

जय भीम!