मोहाची टोळी : मेळघाटातील एका उपेक्षित तेलाचा इतिहास

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह मेळघाटच्या ज्या अरण्यात आहे ते सदाहरित वर्षावन नव्हे. ते सागाचे प्राबल्य असलेले, उन्हाळ्यात पाने गाळून उघडे पडणारे शुष्क पानझडी अरण्य आहे. तरीही त्वचेला स्निग्धता देणाऱ्या फळांची जी कीर्ती आज ॲमेझॉन खोऱ्यातील वर्षावनांच्या नावे सांगितली जाते, तिच्या तोडीचे एक फळ या कोरड्या रानातही पिकते, ते मोहाचे. मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष असून, ज्याच्या बियांचे लोणी जगभरच्या क्रीममध्ये वापरले जाते तो पश्चिम आफ्रिकेतील शिया वृक्षही याच कुळातला आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळून गेल्यावर धरलेली हिरवी फळे पावसाच्या तोंडावर पिकतात, आणि त्यांच्या गरात दडलेली तपकिरी, चकचकीत बी म्हणजे टोळी. सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशात तिलाच गुल्ली म्हणतात.

या तेलाची ओळख प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतिजन्य स्नेहांची, म्हणजे अंगाला लावण्याच्या व पोटात घेण्याच्या स्निग्ध द्रव्यांची, जी गणना येते तिच्यात तीळ, एरंड व मोहरी यांच्या जोडीने मधूक, म्हणजे मोह, आलेला असून प्रियाल (चारोळी) आणि बिभीतक (बेहडा) ही मेळघाटच्या रानातली आणखी दोन झाडेही तेथे आहेत. मात्र दीर्घ ऊकाराचा मधूक आणि ऱ्हस्व उकाराचा मधुक, म्हणजे ज्येष्ठमध, ही दोन वेगळी द्रव्ये असल्याने एका मात्रेच्या चुकीने झाडाची मुळी होते, हे जुन्या ग्रंथांतील त्वचेचे उपाय वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ग्रंथांत स्थान मिळालेली ही बी राज्यकर्त्यांच्या दप्तरात मात्र फुलाच्या मागे पडली. १८५३ च्या तहाने मेळघाटासह वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला, १८६६ मध्ये बैरागड व गुगामळ येथील जंगल राखीव ठरले, आणि जंगलातील वस्तूंची मोजदाद सुरू झाली. परंतु फुलापासून दारू गाळली जात असल्यामुळे अबकारी महसुलाचा सारा डोळा फुलावर राहिला. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. टोळीसाठी कोणी कायदा केला नाही, कारण तिच्यात बुडण्याजोगा महसूल नव्हता, आणि जे कायद्यात येत नाही त्याची नोंदही तुटपुंजी राहते. मध्य भारताच्या वनप्रदेशात टोळ्या वेचणे, फोडणे व वाळवणे हे मुख्यतः बायकांचे व मुलांचे काम असल्याने या उपेक्षेत भरच पडली.

तेल काढण्याची रीत साधी पण कष्टाची होती : टरफल फोडून काढलेला मगज वाळवून कुटायचा, वाफवायचा आणि दोन जड लाकडी फळ्यांमध्ये दाबायचा, किंवा गाव तेल्याचे असेल तर घाण्यात घालायचा. मगजात साधारण निम्मे तेल असते. त्यात ओलेइक, पामिटिक व स्टिअरिक ही मेदाम्ले भरपूर असल्याने ते थंडीत तुपासारखे गोठते आणि अंगाच्या उबेने पुन्हा पातळ होते. त्वचेवर पसरलेला हा मेदाचा थर आतला ओलावा उडू देत नाही. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना, कोरड्या अंगाला व मालिशीला हेच तेल, दिव्यात तेच आणि भाजीतही तेच, असा त्याचा वापर होता. त्याला रोगहारक औषधाचे मोठेपण देण्याचे कारण नाही.

टोळीला मोठी बाजारपेठ मिळाली ती वेगळ्याच वाटेने. पहिल्या महायुद्धापूर्वी ही बी युरोपात, मुख्यतः जर्मनी व बेल्जियममध्ये, साबण, मेणबत्त्या आणि लोण्याच्या पर्यायासाठी जात असे. तेल काढून उरलेल्या पेंडीतील सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस आणणारे पण गांडुळांना व माशांना मारक असणारे द्रव्य, ब्रिटनमधील गोल्फच्या हिरवळीवरची गांडुळे हटवण्यासाठी वापरले गेले. इकडे त्याच पेंडीने आदिवासी डोहातले मासे गुंगवत असत. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण बनवण्यास उत्तेजन दिले, तेव्हा टोळीचे तेल पुन्हा साबणाकडेच वळले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील, म्हणजे लाकूड वगळून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवरील, मालकी गोळा करणाऱ्यांची ठरवली, आणि २०१३-१४ मध्ये केंद्राने अशा वस्तूंसाठी किमान आधारभूत किमतीची जी योजना आणली तिच्या पहिल्या यादीत मोहाची बी होती, फूल नव्हते. कागदावर बी प्रथमच फुलाच्या पुढे गेली. अडचण उरते ती ऋतूची. टोळी पिकते नेमकी पाऊस सुरू होताना, आणि मेळघाटच्या पावसात ओली राहिलेली बी बुरशी धरते. तिच्या तेलातील मुक्त मेदाम्ले वाढून ते पिवळट व उग्र वासाचे होते, आणि मग तोंडाला लावायच्या क्रीमऐवजी कपडे धुण्याच्या साबणाचा भाव त्याच्या वाट्याला येतो.