कारखान्याबाहेरची अभियांत्रिकी : बिनरस्त्याच्या वाटांसाठी मोटारगाडीत झालेल्या फेरबदलांचा इतिहास

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा कारखान्यांचा आणि कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. विकल्या गेलेल्या गाडीचे पुढे काय झाले, तिच्या मालकाने आणि मिस्त्रीने तिच्यात काय बदलले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वाळू, खडक व चिखल यांतून गाडी नेण्याची जी सामग्री आज सर्वत्र दिसते, तिच्यातील महत्त्वाचा भाग वापरणाऱ्यांनी आधी सिद्ध केला आणि मोठ्या कारखान्यांनी पुष्कळ उशिरा स्वीकारला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. भारतात मोटारीतील फेरबदलांवर कायद्याची कडक बंधने असल्याने या इतिहासाला आणखी एक बाजू प्राप्त होते.

लिबियाच्या वाळवंटातील प्रयोग

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या फोर्ड मॉडेल टी गाड्या घेऊन इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात गस्त घालीत. युद्ध संपल्यावर त्यांचे अनुभव बरेचसे विस्मृतीत गेले. रॉयल सिग्नल्सचे अधिकारी राल्फ बॅग्नॉल्ड (जन्म १८९६) यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही सहकाऱ्यांसह, रजेच्या काळात आणि बव्हंशी स्वखर्चाने, ते काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्या गाड्या बाजारात कोणालाही मिळू शकणाऱ्या साध्या फोर्ड गाड्या होत्या आणि त्यांच्या फक्त मागच्या चाकांना गती मिळत असे.

बॅग्नॉल्ड यांनी गाडीत काही घालण्यापूर्वी तिच्यातून बरेच काढून टाकले, ही बाब लक्षणीय आहे. कारखान्याने दिलेला मूळ सांगाडा उतरवून त्यांनी लाकडी पेटीसारखा हलका सांगाडा बसविला. वाचलेले वजन पाणी आणि पेट्रोल यांच्या वाट्याला आले. पाण्याची दुसरी अडचण रेडिएटरची होती, कारण उकळलेले पाणी वाफ होऊन उडून जाई. त्यावर योजलेला उपाय अत्यंत साधा आहे. रेडिएटरमधून निघणारी नळी पायरीवर बांधलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात सोडायची. वाफ त्या पाण्यात थंड होऊन पुन्हा पाणी होते. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, म्हणजे थंड होणारा रेडिएटर ते सर्व पाणी आपोआप परत ओढून घेतो. गस्ती तुकड्यांनी ही युक्ती आधीच वापरलेली होती. बॅग्नॉल्ड यांनी ती व्यवस्थित बसविली, इतकेच त्यांचे श्रेय मानणे योग्य होईल.

रुतलेली गाडी काढण्यासाठी त्यांना कैरोच्या जुन्या बाजारात पोलादी पन्हाळी सापडल्या. महायुद्धातील खंदकांवर छप्पर घालण्यासाठी बनविलेले ते सामान भंगारात पडले होते. चाकांसमोरची वाळू उकरून त्या पन्हाळी घातल्या की मागच्या चाकांना पकड मिळे. टायरमधील हवा कमी करण्याचा उपाय तर बिनखर्चाचा होता. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि गाडीचे वजन वाळूच्या अधिक मोठ्या पृष्ठावर विभागले जाते. वाळूवरील याच भटकंतीतून पुढे बॅग्नॉल्ड यांचा वाळूच्या टेकड्यांच्या भौतिकीवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हौशी प्रवाशाच्या गाडीखालील वाळू शास्त्राचा विषय झाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर बॅग्नॉल्ड यांनी सेनापती वेव्हेल यांच्या पाठिंब्याने लांब पल्ल्याची गस्ती तुकडी उभारली. तिच्या आरंभीच्या शेव्हरले मालमोटारीही नागरी वापराच्या होत्या. दरवाजे आणि केबिनचे छप्पर काढून, पाट्यांच्या स्प्रिंगा भक्कम करून त्या वाळवंटासाठी सिद्ध करण्यात आल्या. १९४१ मध्ये तुकडीला चारही चाकांना गती देणाऱ्या फोर्ड मालमोटारी मिळाल्या. मात्र त्या अधिक जड होत्या आणि पेट्रोल फार पीत, म्हणून १९४२ मध्ये पुन्हा केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या शेव्हरले आणल्या गेल्या. जिथे पेट्रोल स्वतःच वाहून न्यावे लागते तिथे अधिक सामर्थ्यवान यंत्र नेहमीच अधिक उपयुक्त ठरत नाही, हे या अदलाबदलीवरून दिसते.

जीप आणि तिचे मालक

त्याच सुमारास अमेरिकेत जीपचा जन्म झाला. युद्धकाळात विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या आणि १९४५ मध्ये विलीजने नागरी वापराची सीजे-२ए बाजारात आणली. शेतकऱ्याने ती ट्रॅक्टरसारखी वापरावी, अशी कंपनीची कल्पना होती. मालकांच्या कल्पना वेगळ्या होत्या आणि त्यांच्या तक्रारीही. पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांना इंजिनाची गती दिलेली नसली तरी ती चाके आपल्याबरोबर पुढचा अ‍ॅक्सल, त्यातील दंतचक्रे आणि गतिदंड फिरवीत राहत. त्यात पेट्रोल वाया जाई आणि झीज होई. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये चाकाच्या तुंब्यावर बसणारी, हाताने जोडता व सोडता येणारी कळ तयार केली. तिच्यामुळे चाक तेवढे मोकळे फिरू लागले आणि मागील यंत्रणा थांबली. मूळ निर्मात्याच्या आराखड्यातील उणीव बाहेरच्या माणसाने भरून काढल्याचे हे ठळक उदाहरण होय. वॉर्न यांच्या कंपनीने १९५९ मध्ये हौशी वापरासाठी विजेवर चालणारे विंच आणले. इंजिनाच्या गतीवर फिरणारे जुने विंच इंजिन बंद पडताच निरुपयोगी होई, तर नवे बॅटरीवर चालत असल्याने ओढ्यात बंद पडलेली गाडीही स्वतःला बाहेर ओढू शके.

ऑगस्ट १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाऊनहून सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या रुबिकॉन वाटेवर पहिला जीप मेळावा भरला. मार्क स्मिथ हे त्याचे प्रमुख संयोजक होते. दरवर्षी त्याच खडकांवरून जाणाऱ्या या गाड्यांमुळे वाटेला जणू चाचणीशाळेचे स्वरूप आले. कोणाचा अ‍ॅक्सल कुठे तुटला, कोणता टायर टिकला, हे सर्वांसमक्ष ठरू लागले.

खडकांवरील मुख्य अडचण साध्या डिफरन्शियलची आहे. ते दोन्ही चाकांना सारखीच पीळशक्ती देते. एक चाक हवेत लोंबकळू लागले की त्याला फिरवायला जवळजवळ काहीच शक्ती लागत नाही, म्हणून जमिनीवरील चाकालाही तेवढीच क्षुल्लक शक्ती मिळते. परिणामी इंजिन गर्जत राहते आणि गाडी जागची हलत नाही. दोन्ही चाके एकमेकांशी जखडली की ही कोंडी फुटते. पण कायमची जखडलेली चाके रस्त्यावरील वळणात घसपटतात. तेव्हा हवे तेव्हाच जखडणारी यंत्रणा हवी होती. ऑस्ट्रेलियात अँथनी रोनाल्ड ब्राऊन यांनी १९७५ मध्ये मेलबर्न येथे स्थापन केलेल्या एआरबी या कंपनीने १९८७ मध्ये एका स्थानिक संशोधकाच्या यंत्रणेचे हक्क घेतले आणि बटण दाबताच हवेच्या दाबाने डिफरन्शियल जखडणारे साधन जगभर विकले. जीप कंपनीने २००३ सालच्या रँग्लर श्रेणीत ‘रुबिकॉन’ नावाचीच गाडी आणली. पुढचे व मागचे जखडता येणारे डिफरन्शियल आणि अतिमंद गतीचे गिअर तिला कारखान्यातूनच बसविलेले होते. मेळाव्याला तोवर पन्नास वर्षे होत आली होती.

भारतातील वळण

भारतात जीप आली ती छंदासाठी नव्हे. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, निवडणुकीचा प्रचार आणि खेड्यांमधील प्रवासी वाहतूक यांत ती मुरली. फेरबदलही त्याच गरजांतून झाले. डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवायचे, मग पुढे वजन वाढले म्हणून स्प्रिंगेला एखादा पाटा वाढवायचा, प्रवासी मावावेत म्हणून मागे समोरासमोर बाके टाकायची. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर लष्कराच्या निकामी गाड्यांच्या सुट्या भागांतून जीप उभ्या करण्यासाठी प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य लेखनात गाडीतील फेरबदल हा प्रामुख्याने फुरसतीचा विषय समजला जातो. भारतीय मिस्त्रीचे काम त्या चौकटीत बसत नाही.

कारखान्यांनी मागाहून स्वीकारण्याचा क्रम इथेही दिसतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ मध्ये आणलेल्या गुरखा या गाडीत दोन्ही अ‍ॅक्सलवर जखडणारी यंत्रणा होती. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून बसवितात ती उंच नळीही तिला होती. नाशिकला बनणारी महिंद्रची नवी थार २०२० मध्ये आली. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये चाक घसरताच आपोआप जखडणारे डिफरन्शियल देण्यात आले.

दरम्यान कायदा उलट दिशेने गेला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली सुधारणा झाली आणि निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे ठरले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अननुज्ञेय बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढील लोखंडी संरक्षक कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. या कठोरतेला कारण आहे. असा कठडा पादचाऱ्याला अधिक इजा करतो आणि टक्कर ओळखणाऱ्या एअरबॅगच्या यंत्रणेत बाधा आणू शकतो. उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, मोठ्या टायरांमुळे वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवितो. तथापि कायद्याची कसोटी बदल सुरक्षित आहे का ही नसून तो निर्मात्याच्या तपशिलाशी जुळतो का ही आहे, हे नोंदविणे आवश्यक आहे.

टायरमधील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली पत्रे घालणे, पाण्याचा साठा जवळ बाळगणे यांना ही कसोटी लागत नाही. बॅग्नॉल्ड यांच्या गाडीवरील पुष्कळसे सामान आजही निर्वेधपणे नेता येईल. मात्र नोंदणीपुस्तकात सांगाड्याचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. मूळ सांगाडा उतरवून लाकडी पेटी बसविलेली त्यांची फोर्ड यांपैकी कोणत्याही रकान्यात जुळली नसती.