पाखरांचा सप्ताह आणि कामगारांची सुटी



सप्ताह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टाळ, वीणा आणि काल्याचे कीर्तन उभे राहते. पण 2020 सालापासून महाराष्ट्र सरकार आणखी एक सप्ताह पाळत आले आहे, आणि तो पाखरांचा आहे. 5 नोव्हेंबरला त्याचा आरंभ होतो, कारण 1932 साली त्या दिवशी सोलापुरात मारुती चितमपल्ली जन्मले. 12 नोव्हेंबरला समाप्ती, कारण 1896 साली त्या दिवशी मुंबईत सालिम अलींचा जन्म झाला. दोन जयंत्या सांधून सप्ताह झाला, हे ठीकच झाले. परंतु माझ्यासारख्या संघटनेच्या कामात केस पांढरे केलेल्या माणसाला वेगळाच प्रश्न पडतो. पाखरे पाहायला फुरसत लागते. ती या देशात कोणाला आणि केव्हा मिळाली?

1883 च्या सप्टेंबरात मुंबईत आठ सद्‌गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत दोघे आपले होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. बरोबर एका वर्षाने, 1884 च्या सप्टेंबरात, त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. मागणी काय होती? आठवड्यातून एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. पहाटे भोंगा होई आणि दिवस मावळेतो साचा चाले. आकाशात घार आहे की गिधाड, हे मान वर करून पाहण्याची सोय नव्हती. दोन्ही सभांना हजर असलेला एखादा माणूस असेल, असे मला वाटत नाही. गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. सहा वर्षे लागली.

सालिम अलींची गोष्ट मात्र कामगाराला जवळची वाटावी अशी आहे. ते बर्लिनला शिकून परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली! बेकारीत ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि 1930 साली तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. एक नर एका मादीचे घरटे पुरे होताच दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले.

आता राज्याच्या अगदी ईशान्य टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलात चला. चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतला मोठा काळ तेथील नवेगावबांधला काढला. गोंड, कोहळी, धीवर यांच्याबरोबर हिंडून त्यांनी पाखरांची नावे, सवयी, समजुती टिपल्या. 2025 च्या जूनमध्ये ते गेले; पण आज मराठीत पाखराला चार नावांनी हाक मारता येते, यात त्यांचा आणि त्या निरक्षर गुरूंचा मोठा वाटा आहे. जाळे टाकणाऱ्याला पाणपक्षी ओळखावाच लागतो. ती त्याची हौस नव्हे, त्याच्या धंद्याची विद्या आहे.

नवेगावबांध या नावातला ‘बांध’ नीट ऐका. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब ज्या विस्तीर्ण पाण्यावर उतरत आले, ते पाणी देवाने भरून ठेवलेले नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो तलाव बांधला, असे सांगतात. कोहळी हे तलाव बांधण्यात वाकबगार; डोंगरांच्या मधली खिंड अडवायची आणि खाली धान पिकवायचे, ही त्यांची रीत. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि एका माथ्यावर कोलासुर देवाचे ठाणे आहे. हा कोलासुर म्हणजेच तो पाटील! पाटलाचा देव झाला. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तलावाशेजारच्या पक्षी अभयारण्याला सालिम अलींचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. सारस पक्षी महाराष्ट्रात उरला तो मुख्यतः याच जिल्ह्यात. तो भर धानात घरटे करतो, म्हणजे शेतकऱ्याने तेवढा तुकडा सांभाळला तरच पिल्ले निघायची. तेव्हा पाखरू वाचविण्याचा हिशेब मांडताना शेतकऱ्याच्या बुडालेल्या धानाची भरपाई त्यात धरलीच पाहिजे. नाहीतर सप्ताह आमचा आणि उपास त्याचा!

आपल्या पिंपळे सौदागरला पवनामाई आहे. जलपर्णीने आणि सांडपाण्याने तिची काय दशा झाली, ते आपण नाक दाबून रोज पाहतो. तरीही काठावर ढोकरी टपून बसते, आणि लांब गुलाबी पायांचा शेकाट्या घाण पाण्यातही किडे वेचतो. हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन पाखरे पाहायला निघतात ती रविवारी. इथे एक अडचण आहे. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक पट्ट्यांना सुटीचे वार वेगवेगळे ठरले, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार इथल्या पुष्कळ कामगारांना यंत्रावरच काढावा लागतो. 5 ते 12 नोव्हेंबर या आठ दिवसांत एक तरी गुरुवार येतोच. त्या दिवशी सकाळी सहाला पुलाजवळ जमावे. रात्रपाळी सुटलेल्यांनी परस्पर यावे. दुर्बीण दोघांत एक चालेल.