पुठ्ठ्याचा प्रलय

गंभीर वृत्तीच्या माणसानें सहसा कबूल करूं नये अशी एक आवड आज कबूल करावयाची आहे. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत आपत्तिपटांची जी लाट आली, तींतील चित्रपट आम्हांला मनापासून आवडतात. दोष दिसत असूनहि आवडतात असें नव्हे, तर पुष्कळदां त्या दोषांमुळेंच आवडतात. असें कां व्हावें, याची थोडी चिकित्सा येथें करावयाची आहे.

पडद्यावरील प्रलय त्या दशकांत जन्मला असें नाहीं. सान फ्रान्सिस्को येथील १९०६ सालचा भूकंप हॉलिवुडनें १९३६ सालींच चित्रित केला होता. परंतु १९७० सालच्या 'एअरपोर्ट'नें या प्रकाराला भरभराटीचे दिवस आणले, आणि १९७२ सालीं निर्माता अर्विन ॲलन यानें 'द पोसायडन ॲडव्हेंचर' काढून त्याचा सांचा पक्का केला. नववर्षाच्या आदल्या रात्रीं मेजवानी चालली असतां एक प्रचंड लाट जहाज पालथें घालते, आणि वांचलेले उतारू छत खालीं व तळ वर अशा उफराट्या जगांतून वाट काढतात. १९७४ सालीं 'अर्थक्वेक' आणि 'द टॉवरिंग इन्फर्नो' पाठोपाठ आले. पैकीं दुसऱ्यांत १३८ मजल्यांची इमारत पेट घेते.

यांतील दोष किती सांगावे! 'अर्थक्वेक'मध्यें १९१५ सालीं जन्मलेला लॉर्न ग्रीन हा १९२२ सालीं जन्मलेल्या एव्हा गार्डनरचा बाप झाला आहे. लेकीहून अवघा सात वर्षांनीं वडील! लिफ्ट कोसळते तेव्हां पडद्यावर चक्क रंगविलेले रक्ताचे थेंब उडतात. १९७८ सालच्या 'द स्वॉर्म'मध्यें तर मधमाशांच्या प्रतापानें आगगाडी घसरते आणि अणुविद्युत्केंद्रहि उडतें.

मग प्रेक्षक काय घेऊन जात असे? एक तर निकाल. १९७४ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला; बाहेरच्या जगांत कोणाचा दोष किती, हा वाद सरत नव्हता. पडद्यावर मात्र हलक्या दर्जाच्या तारा वापरणारा बिल्डरचा जावई हाच अपराधी, हें तीन तासांच्या आंत ठरून जाई.

दुसरें कारण अधिक खोल आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनांत सविकल्प समाधीचा सिद्धांत मांडला. वाचक दुसऱ्याच्या अवस्थेशीं समरस होतो, पण स्वतःचें भान सोडीत नाहीं; या दुहेरी स्थितींत आनंद आहे, असा त्याचा आशय. आमच्या मतें सदोष आपत्तिपटांत हें भान राखण्याचें काम दोषच करतात. रंगाचा थेंब दिसला कीं जीव भांड्यांत पडतो, आणि माणूस मनमोकळें हंसतो.

परंतु या हंसण्याला एक मर्यादा आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहांटे, गणपति विसर्जन करून झोंपीं गेलेल्या किल्लारी व आसपासच्या गांवांवर दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या, आणि हजारों माणसें गेलीं. तेथें पडद्यावरच्यासारखा कोणी जावई बोट दाखविण्यास नव्हता. ज्या भिंतींनीं पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसापासून राखलें, त्यांनींच घात केला. ती पहांट ज्यानें पाहिली, त्याला 'अर्थक्वेक' पाहून हंसा असें सांगण्याचें धैर्य आम्हांला नाहीं.

आणि म्हणूनच आम्हांला पुठ्ठ्याचा प्रलय बरा वाटतो. हुबेहूब साधलेला प्रलय पाहतांना किल्लारीची आठवण होईल, आणि मग त्याची करमणूक करणें हा निर्दयपणा ठरेल. सदोष प्रलय कोणाच्याहि दुःखाची नक्कल करीत नाहीं. तो आपण पुठ्ठा आहों हें प्रामाणिकपणें सांगतो, दोन घटका संसाराचा विसर पाडतो, आणि आपणांस सुखरूप घरीं पोंचवितो. सर्वच निर्दोष कलाकृतींविषयीं असें म्हणतां येईल काय?