समसंबंधाच्या प्रश्नांचा इतिहास

'गुलाब : फूल :: साग : ?' या प्रश्नाचे उत्तर 'वृक्ष'. पहिल्या जोडीतले नाते ओळखायचे, ते त्याच क्रमाने दुसऱ्या जोडीला लावायचे, एवढेच काम. चार पदांची ही मांडणी जुनी आहे. मद्यदेव डायोनायससचा चषक आणि युद्धदेव एरीजची ढाल यांची जोडी लावून अ‍ॅरिस्टॉटलने रूपकाचा एक प्रकार समजावला होता. परीक्षेतला प्रश्न म्हणून ही मांडणी मात्र विसाव्या शतकात आली.

इंग्लंडमध्ये सिरिल बर्ट यांनी 1911च्या सुमारास शाळकरी मुलांवर असे प्रश्न वापरून पाहिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या 'आर्मी अल्फा' चाचणीत समसंबंधाचा स्वतंत्र विभाग होता. त्या कामात असलेले कार्ल ब्रिगहॅम यांनी पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' परीक्षा रचली. 23 जून 1926 रोजी ती प्रथम झाली, तेव्हा 97 मिनिटांत 315 प्रश्न होते. वर्गीकरण आणि समसंबंध हे त्यातले दोन वेगळे विभाग. सैन्यातल्या चाचणीच्या गुणांवरून वंशावंशांची बुद्धी ठरवणारे पुस्तक याच ब्रिगहॅम यांनी 1923 मध्ये लिहिले होते. 1930 मध्ये त्यांनी ते निष्कर्ष स्वतःच मागे घेतले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

असे प्रश्न निव्वळ तर्क मोजतात, हा दावा मुळातच कच्चा होता. 'आंबा : फळ :: बटाटा : ?' यात भाजी आणि खोड असे दोन्ही पर्याय दिले, तर मंडईतला वर्ग धरणारा 'भाजी' म्हणेल आणि वनस्पतिशास्त्र शिकलेला 'खोड'. दोघांचाही तर्क बिनचूक. फरक पडतो तो आधी शिकलेल्या वर्गवारीमुळे. सॅटमधला गाजलेला प्रश्न याच जातीचा होता: धावपटूची मॅरेथॉन, तशी वल्हेकऱ्याची 'रेगाटा', म्हणजे नौकांची शर्यत. श्रीमंतांच्या क्लबांत रुळलेला हा शब्द गरीब घरच्या मुलांनी ऐकलेला असेलच कशाला, अशी टीका झाली.

2005 मध्ये सॅटमधून आणि 2011 मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या 'जीआरई' परीक्षेमधून समसंबंध वगळले गेले. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत मात्र हा घटक टिकून आहे. तिथल्या प्रश्नकर्त्यांनी पर्याय ठरवताना बटाट्याचा घोळ टाळलेला बरा.