पैनगंगेकाठचे ओरखडे

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ओढे अडवून येथे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. पाळ घातली की पाणी थांबते, हे तेथे इतके सवयीचे की पायाखालच्या खडकाला त्याचे श्रेय क्वचितच मिळते. तो खडक मुख्यतः नीस, ग्रॅनाइट, शिस्ट असा कठीण आणि प्राचीन आहे. पाण्यात तो विरघळत नाही.

चुनखडकाचा स्वभाव याच्या उलट. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेले पाणी त्याच्या भेगांत शिरते आणि त्या रुंदावत नेते. ओढे गडप होतात, पोटात गुहा तयार होतात. अशा भूमीला कार्स्ट म्हणतात. कार्स्ट डोंगरांवरून हिमनदी मागे हटली की दरीच्या उतारांचा आधार जातो, भेगा उघडतात आणि वितळलेले पाणी पुन्हा भूगर्भाची वाट धरते. बर्फाने घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभागही फार टिकत नाही. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात नॉर्बर येथे हिमनदीने आणून टाकलेले परके धोंडे आज चुनखडकाच्या बुटक्या खांबांवर उभे दिसतात. धोंड्याखालचा खडक पावसापासून वाचला, भोवतालचा विरघळून खाली गेला.

म्हणजे चुनखडकावरचे हिमनदीचे ओरखडे काही हजार वर्षांतही पुसले जाऊ शकतात. मग तीस कोटी वर्षांपूर्वीचे ओरखडे सापडावेत कसे?

ते सापडले, आणि भंडाऱ्यापासून फार दूर नव्हे. भंडाऱ्यातून दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते. त्या वर्धेची उपनदी पैनगंगा. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. (चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वेगळी.) १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना येथे धोंड्यांचा एक थर दिसला. काही धोंड्यांवर ओरखडे होते. त्याहून मोलाचे म्हणजे, थराखालचा चुनखडकही झिजून गुळगुळीत झालेला आणि ओरखडलेला होता.

अशा धोंड्यांच्या थराशी बर्फाचा संबंध ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच ओडिशातील तालचीर येथे जोडला होता. पण उष्ण कटिबंधातला बर्फ सहजासहजी पटणारा नव्हता. फेडन यांच्या १८७५ च्या लेखाच्या शीर्षकातही हिमनदी नाही. तेथे पाण्याच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फाचा सावध उल्लेख आहे. वाहून आलेल्या धोंड्यांना पूर, तरंगता हिमखंड अशी दुसरी कारणे सांगता येतात. जागच्या जागी घासलेल्या चुनखडकाला मात्र प्रवास करून आला असे म्हणता येत नाही.

ओरखडे वाचले ते हिमनदीनेच मागे सोडलेल्या गाळामुळे. बर्फ हटला तेव्हा धोंडे आणि चिखल खडकावर तसेच राहिले. वितळत्या पाण्यात बारीक माती साचून हिरवट शेल तयार झाला. हवामान निवळल्यावर दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची जंगले वाढली. तीच गाडली जाऊन वर्धा खोऱ्यातला कोळसा झाली. घुग्घुस आणि बल्लारपूरच्या खाणी याच हिमोत्तर काळाची कमाई आहेत. एवढ्या थरांखाली चुनखडकाला पावसाचा थेंब लागला नाही. उघड्यावर राहिला असता तर त्याची गत नॉर्बरसारखीच झाली असती.

या खडकसमूहाला गोंडांच्या भूमीवरून गोंडवाना हे नाव मिळाले. १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ते छापले. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून एका लुप्त महाखंडाला गोंडवानालँड म्हटले. भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका येथील एकाच काळाचे हिमावशेष जुळवताना आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडच सरकले असा युक्तिवाद केला. इरईचा खडक तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

त्याच्यावरचे आच्छादन पुढे नदीने कापून काढले, म्हणून तो फेडन यांना दिसू शकला. जेथे तो उघडा पडला आहे, तेथे पैनगंगेचे पाणी आणि दर पावसाळा आता तेच काम करत आहेत, जे तीस कोटी वर्षे थांबले होते.