गोरखपूर ते लुंबिनी : अंतर, लागणारा वेळ आणि सीमेवरची कागदपत्रे

तथागत बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी आज नेपाळच्या रूपन्देही जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातून धम्मयात्रेला निघालेले अनेक उपासक-उपासिका गोरखपूरमार्गे तेथे जातात. मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेस आणि नागपूरमार्गे राप्तीसागर एक्सप्रेस गोरखपूरला पोहोचतात. महापरिनिर्वाणस्थळ कुशीनगर तेथून सुमारे ५३ किमीवर आहे.

अंतर किती?

गोरखपूर ते लुंबिनी हे अंतर सरळ रेषेत सुमारे ८० किमी, तर रस्त्याने सुमारे १२५ किमी आहे. त्याचे टप्पे असे :

• गोरखपूर ते सोनौली (भारताची हद्द), फरेंदा-नौतनवा मार्गे : सुमारे १०० किमी, अडीच ते तीन तास
• सोनौली ते भैरहवा, बेलहिया नाका ओलांडून : सुमारे ५ किमी
• भैरहवा ते लुंबिनी : सुमारे २२ किमी, पाऊण ते एक तास

निव्वळ प्रवास चार तासांचा असला तरी सीमेवरची मालट्रकांची रांग, तपासणी आणि वाहन बदलणे यात वेळ जातो. भारतीय गाडी नेपाळमध्ये न्यायची असल्यास भन्सार म्हणजे जकात कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. म्हणून एकूण पाच ते सहा तास धरून चालावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते.

नावाचा घोळ टाळा

भैरहवाचे अधिकृत नाव सिद्धार्थनगर आहे. याच नावाचा जिल्हा उत्तर प्रदेशातही आहे. पिपरहवा स्तूप त्याच जिल्ह्यात येतो. मोबाईलवर मार्ग शोधताना किंवा तिकीट काढताना कोणते सिद्धार्थनगर ते नीट पाहावे.

कोणते ओळखपत्र?

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागते. नियमानुसार पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र ग्राह्य आहे. १५ ते ६५ वयोगटासाठी आधार कार्ड पुरेसे मानले जात नाही. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. १५ वर्षांखालील मुले व ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी आधारसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते. सोबत येणाऱ्या परदेशी भिक्खूंना त्याच मार्गाने परतायचे असेल, तर त्यांचा भारताचा व्हिसा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा असावा.

खर्चासाठी १०० रुपयांपर्यंतच्या नोटा जवळ ठेवाव्यात. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये.

सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी लुंबिनीला आले आणि त्यांनी गावाचा कर कमी केला, असे तेथील स्तंभलेख सांगतो. तेव्हा ही सीमा नव्हती, आज आहे. सोनौलीहून लुंबिनी अवघी २७ किमी उरते. एवढ्या जवळ पोहोचलेल्या तरुणाला केवळ कागदाअभावी परतावे लागू नये. यात्रेची नावनोंदणी करतानाच कार्यकर्त्यांनी प्रत्येकाचे मतदार ओळखपत्र तपासावे. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनी अद्याप ते काढले नसेल, तर आजच अर्ज करावा. ते मतदानालाही लागणारच आहे.